अर्डिसबाईंची जुळी पिशवी

अर्डिस टॉलेफसन एकवीस वर्षं आमच्या मिनेसोटातल्या नाळरक्तपेढीत आहे आणि त्यातली निदान वीस ती बोलतेच आहे. बाळंतिणींनी दान केलेलं नाळेतलं रक्त आम्ही पिशव्यांत गोठवून ठेवतो; रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात ते रुग्णाच्या अंगात घालतात. ते कोणत्या रुग्णाला चालेल हे कळावं म्हणून त्यातली जनुकं अक्षर न् अक्षर वाचायची, दहा खुणा टिपायच्या, हे आम्हा दोघींचं काम. यंत्र नीट वाचतंय ना हे पाहायला दर खेपेला एक ओळखीचं रक्तही सोबत लावतात. ते अर्डिसचं. पहिल्या दिवशी दंड पुढे करणारी ती एकटीच होती.

मार्चमध्ये एका पिशवीचा निकाल आला तो हुबेहूब अर्डिसचा. दहाच्या दहा खुणा तिच्या.

नवा साहेब ब्रेंट, वय बत्तीस, आठ्या घालून आला. "अर्डिसबाई, दोन्ही नळ्यांत तुम्ही स्वतःलाच ओतलंत."

"मी? अरे, मी कधी कॉफीसुद्धा सांडत नाही!"

"बोलण्याच्या नादात झालं असेल. फेरतपासणीत चूक निघाली, तर सोमवारपासून तुम्ही खोकी बांधायला."

मला त्याचा भयंकर राग आला. पण खरं सांगते, मनात पाल चुकचुकली होती. त्या दिवशी नळ्या भरताना अर्डिस मला नवऱ्यानं गोठलेल्या तळ्याच्या वितळत्या बर्फावर गाडी कशी घातली ते साभिनय सांगत होती.

फेरतपासणी माझ्याकडे आली. पिशवीला जोडलेल्या नळीचा, त्याच रक्तानं भरलेला सीलबंद तुकडा घेतला आणि अर्डिसला खोलीबाहेर काढलं. ती काचेला नाक चिकटवून हातवारे करू लागली, तेव्हा मी पाठ फिरवून बसले.

शुक्रवारी निकाल आला. पुन्हा दहाच्या दहा! पिशवीच तशी होती. इथं अर्डिससकट निम्मं गाव मूळचं नॉर्वेचं. कुठल्याशा परक्या बाळाला नेमक्या तिच्याच खुणा मिळाल्या होत्या.

ब्रेंटनं कान पकडायचे तेवढे बाकी ठेवले. "माफ करा हं, बाई. एका परीनं बरंच झालं. उद्या तुम्हाला काही झालंच, तर ही पिशवी तुम्हाला अगदी जुळेल."

अर्डिसनं पिशवीची नोंद पाहिली. जेमतेम अर्धी वाटी रक्त. मग तिनं स्वतःच्या ऐसपैस देहाकडे पाहिलं.

"एवढंसं? माझ्या गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचायचं नाही! ठेव एखाद्या चिमुरड्यासाठी. त्याला टाचेपासून शेंडीपर्यंत पुरेल."