क्रियापदांचा रखवालदार

लेकीच्या वसतिगृहाचा अर्ज मी ऐटीत इंग्रजीत लिहिला आणि शेवटच्या दिवशी ब्रह्मपुरीच्या कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडे नेला. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, म्हणून हा गृहस्थ हनुवटी वर करूनच बोलतो.

"भाऊ, 'रिक्वेस्ट' लिवलं, पण कोणाले? क्रियापदाले कर्म लागते. अन् 'डिपेंड'च्या पुढं 'ऑन' काऊन नाई?"

मी इंग्रजीचा एम.ए.; तरी कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं लाल शाईनं चुका दुरुस्त करून अर्ज टंकेपर्यंत समोरची अर्ज घ्यायची खिडकी बंद होऊ लागली. कलेक्टरसाठीही खर्रा न थुंकणारा तो माणूस थुंकून धावला आणि मिटत्या फटीत अर्जासकट हात घातला.

"साहेब, पोरीचं साल जाईन!"

बाबूनं न वाचताच शिक्का मारला.

घरी सगळं ऐकून बायको म्हणाली, "पोरगी तुमची ना? मंग हात त्यायचा काऊन चेंगरला?"