बोटाला लावलेली राख

सकाळी अकराच्या सुमारास फोन आला तेव्हा मी मागाशेजारी पाटावर बसून लसूण सोलत होते. सीमेवरच्या आमच्या वडगावात घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत, साड्यांचे. मुलगा चालवतो. एक जरी चालू असला तरी फोन ऐकू येत नाही. पण मुलगा आणि सून बोरगावला वास्तुशांतीला गेले होते, दाराजवळच्या मागावरचा ताणा संपला होता, त्यामुळे घर कसं मुकं झालं होतं. म्हणून ऐकू आला.

नातीच्या कॉलेजातल्या मॅडम होत्या. कन्नडात विचारत होत्या, तुमची मुलगी आज पेपरला का आली नाही, बरं नाही का?

मी म्हणाले, हो, पोटात दुखतंय. कन्नडात खोटं बोलायला मला मराठीइतकंच चांगलं येतं हे त्या दिवशी समजलं. मॅडम म्हणाल्या, उद्या गणिताचा पेपर आहे, तो तरी चुकवू नका, नाहीतर पुढं अवघड होईल.

आता काय सांगू. पोरगी सकाळी आठला डबा घेऊन, माझ्या पाया पडून, पेपरला म्हणूनच गेली होती. सोळा वर्षांची, पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी, सायन्स. परीक्षेला फोन न्यायचा नाही म्हणून तिचा फोन फळीवर ठेवलेला. मी त्या फोनकडे बघत बसले. मुलाला कळवावं तर तो बोरगावहून मोटरसायकल दामटत येणार, त्याचीच दुसरी काळजी. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. शेजारीण म्हणाली, "आक्का, कुणाची वाट बघालाय?" म्हटलं, भाजीवाल्याची. घरात येऊन परत लसूण. आठवड्याला पुरेल एवढा लसूण सोलून झाला आणि डोक्यात नको नको ते येत राहिलं. रूळ, विहीर. लिहितानाही हात थांबतो.

अडीचला ती आली. रोजच्यासारखीच.

"कसा गेला पेपर?" मी विचारलं.

"बरा गेला," ती म्हणाली. चप्पल काढताना माझ्याकडं बघितलं नाही.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण तिचं ते "बरा गेला" ऐकून मला माझाच आवाज ऐकू आला. ते खोटं कुणी शिकवलं तिला? मीच.

ते नीट सांगायला पाहिजे. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की त्याची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पिळून जोडतात. गाठ मारायची नाही, नुसता पीळ. बोट घसरू नये म्हणून चिमूटभर राख. असे हजारो धागे. आमच्या गल्लीत या कामात माझं नाव होतं. बारा-तेरा वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा चारचौघांसमोर बसले आणि भराभर जोडत गेले, तेव्हा एक म्हातारी आक्का म्हणाली, "हिला कुणी शिकवलं न्हाय, हिच्या बोटात उपजतच हाय." मी गप्प बसले. ऐकायला लई गोड वाटलं. मग लग्नात सासरी तेच सांगितलं गेलं, पोरांना तेच, आणि म्हातारपणी मी स्वतःच नातीला तेच सांगायला लागले. ती चार वर्षांची असताना घडाघडा पाढे म्हणायची, तेव्हा मीच सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या रक्तातच हाय, हिला अभ्यास कराय लागत न्हाय. दहावीपर्यंत खरंच लागला नाही. ती अभ्यास करायची तरी लपून करायची, एवढं मला नंतर कळलं. आणि कॉलेजात गेल्यावर, इंग्रजीतून सगळं, पहिल्याच चाचणीत गणितात नापास झाली. तेव्हापासून दर परीक्षेला पोटदुखी.

जोडकाम करणारी बाई त्या दिवशी येणार होती, ती आली नाही. मी म्हटलं, "जेव आणि ये. दोघी बसू."

"मला न्हाय यायचं ते. ते तुझ्या बोटात हाय."

"ये म्हणते न्हवं."

मागाच्या पाठीमागं समोरासमोर बसलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला धागा दिसतो, पण बोटं थरथरतात. माझे पहिले तीन पीळ सुटले. ती बघत होती. तिचे तर सगळेच सुटत होते.

"बघितलंस," ती म्हणाली, "न्हाय जमत मला. काहीच जमत न्हाय आता."

तेव्हा सांगितलं. ऐंशीच्या जवळ आले, कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या ताण्याच्या आधी सहा महिने मी रोज दुपारी माळ्यावर चढत होते. सगळे झोपले की मागाखालचे तुटके धागे गोळा करायचे, बाजल्याच्या दोन पायांना बांधायचे आणि जोडत बसायचं. चुलीतली राख फ्रॉकच्या खिशात. बोटांची सालं निघायची. आईनं विचारलं तर म्हणायची, चिंचा फोडल्या.

ती हातातला धागा तसाच धरून बसली. "मग त्या आक्काला सांगितलं का न्हाईस?"

"ती एवढी कौतुकानं बोलली. आणि वाटलं, शिकून येतं म्हटलं तर त्यात काय राहिलं कौतुक करण्यासारखं."

"फ्रॉड हायस तू आज्जी."

"व्हय. आणि तुलाबी केलं."

मी पुढचे दोन धागे पिळले. मग मी म्हटलं, "सकाळी तुझ्या मॅडमचा फोन आलता."

तिच्या हातातला पीळ सुटला. तिनं परत राख घेतली, परत पिळला, तेवढ्यात रडायला लागली. सीबीटीत, मोठ्या बसस्टँडवर, बसून होती म्हणे सगळा वेळ. निपाणीच्या दोन गाड्या समोरून गेल्या. निपाणीला माझी मुलगी असते, तिची आत्या. तिकडं जायचं, कॉलेजला परत यायचंच नाही, असं ठरवून स्टँडवर गेली होती. "दुसऱ्या गाडीत पाय ठेवलता," ती म्हणाली. "डबा तसाच हाय म्हणून उतरले. तू विचारशील डबा का खाल्ला न्हाय."

दिवे लागेपर्यंत आम्ही जोडत राहिलो. तिच्या हाताला हळूहळू वळण आलं. जिभेवर आलं होतं माझ्या, पण मी म्हटलं नाही की पोरगी हुशार आहे. म्हटलं, सकाळपेक्षा, म्हणजे मघापेक्षा, आता कमी सुटतात. एवढंच. उद्या जाशील का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

सकाळी ती गेली. पाया पडली नाही, विसरली असेल. मी फोन मांडीवर घेऊन बसले. अकरा वाजले, सव्वाअकरा. वाजला नाही. पण फोन वाजला नाही म्हणजे ती पेपरला बसली असं कुठं असतं, मॅडम विसरूही शकतात. उरलेले धागे जोडकामाची बाई सकाळीच येऊन जोडून गेली होती. दुपारी मुलगा आणि सून आले, मुलानं माग हळूहळू फिरवून नवा ताणा ओढून घेतला. नातीच्या बाजूचे सात धागे तुटले. "हे कुणी जोडलं?" मुलगा म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, येईल ती, तीच जोडंल. मनात म्हटलं, येऊ दे फक्त.

पावणेतीनला आली. दारातच म्हणाली, "आज्जी, वाईट गेला."

मी विचारलं, "किती वाईट?"

"दोन गणितं सुटलीच न्हाईत. तिसरं अर्धं."

"किती वेळ बसलीस त्या दोनांवर?"

"बेल होईपतोर."

डबा उघडून बघितला, रिकामा होता. तिनं आधी ते सात धागे जोडले, एक दोनदा सुटला. मग ताट घेऊन बसली आणि शेजारी प्रश्नपत्रिका उघडली. "हे बघ, इथं अडकलं."

मी चौथी पास. तरी चष्मा लावून बघितलं. "लई अवघड हाय गं," म्हटलं.

"हाय की," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं वही पुढं ओढून ते पहिल्यापासून मांडायला लागली. भात गार होत होता. परवा अजून एक पेपर आहे, परत मी फोन मांडीवर घेऊन बसणार. पण मी तिला जेव म्हटलं नाही.