तडिताक्षाला मोतीबिंदू

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, काचवाले आहेत. खिडक्यांची तावदानं, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा, कपाटांची सरकती दारं, जे जे चकाकतं आणि फुटतं ते सगळं त्यांच्या अखत्यारीत. दुकानाच्या दोन्ही भिंतींना मोठमोठ्या काचा तिरप्या टेकवलेल्या, मधोमध जाड कांबळं अंथरलेलं लांबलचक टेबल, आणि टेबलाखाली कॉमिक्सचे गठ्ठे. नवं गिऱ्हाईक आधी काचा बघतं, मग गठ्ठे बघतं, मग भावोजींचं पिकलेलं डोकं बघतं आणि कौतुकानं विचारतं, "मुलांची का?"

हा प्रश्न भावोजींना विचारू नये.

"मुलांची? मुलांना काय कळतंय त्यातलं! मुलं नुसती चित्रं बघतात. मनस्ताप आम्हाला होतो."

मनस्ताप हा शब्द त्यांनी तोलूनमापून वापरलेला असतो. त्यांच्या मते जगात दोन प्रकारची माणसं नालायक. एक, नवी काच बसवल्याबरोबर दार आपटणारी, आणि दुसरी, सुपरहिरोच्या गोष्टी लिहिणारी. पहिल्यांना ते निदान पुन्हा काच बसवून देतात. दुसऱ्यांना क्षमा नाही.

त्यांचा सुपरहिरो एकच, तडिताक्ष. हा गृहस्थ दिवसा घड्याळं दुरुस्त करतो आणि संकट आलं की डोळ्यांतून वीज सोडतो. शत्रूचं नाव महाधूम्र. तो नखशिखांत धुराचा आहे. भावोजींना मिसरूड फुटायच्या आधीपासून या दोघांची जुंपलेली आहे. ज्यानं ही मालिका सुरू केली तो लेखक भावोजींच्या लेखी देवमाणूस. त्या देवमाणसानं जाता जाता तडिताक्षाला मारून टाकलं, तेव्हा भावोजींनी दुकानाचं शटर ओढलं आणि ताट बाजूला सारलं. ताई ते अजून विसरलेली नाही. "माझे सख्खे मामा गेले तेव्हा हे दोनदा भात मागून जेवले होते," असं ती आल्यागेल्याला सांगते.

मग दुसरा लेखक आला. त्यानं सांगितलं की मेला तो तडिताक्ष नव्हेच, त्याचा जुळा भाऊ होता. भावोजींनी त्याचं नाव ठेवलं जुळ्या. "अरे, मग मी रडलो कोणासाठी? ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी?" तिसऱ्यानं जाहीर केलं की जुळ्या भावासकट सगळं तडिताक्षाला पडलेलं स्वप्न होतं. तो स्वप्न्या. चौथ्यानं तर कडेलोट केला. त्यानं सबंध विश्वच पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तो खोडरबर.

"म्हणजे मी इतकी वर्षं वाचलं ते घडलंच नाही?" भावोजी टेबलावर मूठ आपटायला गेले आणि काच आठवून त्यांनी ती हवेतच थांबवली. "उद्या हा म्हणेल, तुमचं लग्नसुद्धा झालेलं नाही!"

"हा लेखक मला जरा आधी भेटायला हवा होता," आतून ताईचा आवाज आला.

त्यातून तडिताक्षाची प्रवेश करायची तऱ्हा. त्याला दार माहीतच नाही. बँक असो, दवाखाना असो, हा येणार तो खिडकीची काच फोडून. भावोजी ते पान उघडून माझ्यापुढे नाचवायचे. "बघा मेव्हणे, एवढी काच फुटली, याला एक ओरखडा नाही! मी हातमोजे घालून काम करतो तरी बोटांना पट्ट्या. आणि दुसऱ्या दिवशी खिडकी परत जागच्या जागी! कोणी बसवली? त्या गावात माझ्या धंद्यातला एकही माणूस दिसत नाही!"

असल्या घरात आमची भाची वाढली. इतर पोरी अंगाई ऐकून झोपतात, ही लेखकांचा उद्धार ऐकून झोपायची. मोठी झाली आणि तडिताक्ष छापणाऱ्या कचेरीतच नोकरीला लागली. चित्रांतल्या माणसांच्या तोंडाशी जे फुगे असतात, त्यांत अक्षरं भरायचं काम. भावोजींना अभिमान वाटला, पण तो त्यांनी दाखवला नाही. "शत्रूच्या गोटात आपलं एक माणूस असलेलं बरं," एवढंच म्हणाले.

आणि एके दिवशी खोडरबर नोकरी सोडून गेला. मालिकेचा खप आधीच घसरलेला. संपादकबाईंनी भाचीला बोलावून सांगितलं, "एक अंक तू लिहून बघ. जमला तर मालिका तुझी. नाही जमला तर तडिताक्ष बंद, आणि मग फुगे भरायलाही कोणी लागणार नाही." शुक्रवारी दुपारपर्यंत लिखाण हवं होतं.

रविवारी ती कागद घेऊन दुकानात आली, तेव्हा मी तिथेच होतो. न्हाणीघरातला आरसा कापून घ्यायचा होता. गोष्ट तिनं लिहिली होती, पेन्सिलीनं अंदाजे चित्रंही काढली होती.

"बाबा, तुम्ही वाचा. तुम्हाला पसंत पडलं की जगाला पडलं."

"मला पसंत पडलं की?" भावोजी म्हणाले. "म्हणजे ऐकून घ्यायची तुझी तयारी आहे म्हणायची!"

गोष्ट अशी. तडिताक्ष आता म्हातारा होत चाललाय. डोळ्यांत मोतीबिंदू. वीज सोडतो महाधूम्रावर आणि लागते शेजारच्या पाण्याच्या टाकीला. पण कबूल करत नाही. घड्याळ हातभर लांब धरून दुरुस्त करतो, आणि चुकलं की म्हणतो, हल्ली घड्याळंच बारीक निघायला लागलीत. शेवटी महाधूम्र नदीत बुडणाऱ्या होडीवर चालून येतो, आणि तडिताक्ष, काही दिसत नसताना, नुसत्या माणसांच्या हाकांच्या रोखानं झेप घेतो.

भावोजींनी कागद हातभर लांब धरून वाचले. "हल्ली अक्षर फार बारीक काढतेस," म्हणाले. ताईनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

मग त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढली. भाची वही काढून बसली.

"खिडकी. पुन्हा खिडकी! दारावरची घंटा वाजवायला काय होतं याला?"

"घंटा," भाचीनं लिहून घेतलं.

"हा महाधूम्र. आपला बेत शत्रूला पानभर सांगतो. शहाणा माणूस बायकोलासुद्धा बेत सांगत नाही!"

"ते माहीत आहे मला," ताई म्हणाली.

"बेत नाही सांगायचा," भाचीनं लिहिलं.

"हिरोला मोतीबिंदू? ठीक आहे. मग डॉक्टरकडे का जात नाही? इतका हट्टी माणूस जगात असतो का कुठे?"

भाचीनं खाली मान घालून 'डॉक्टर' असं लिहिलं.

"आणि ही नदी! देवमाणसाच्या वेळी, बोगद्याच्या गोष्टीत स्वच्छ म्हटलं होतं की याला पोहता येत नाही. लेखकानं आधीचं वाचायला नको?"

असं दिवेलागणीपर्यंत चाललं. निघताना भाचीचा चेहरा एवढासा झाला होता, पण वही भरली होती. मी म्हटलं, "अगं, थोडं घे, थोडं सोड."

"नाही मामा. लहानपणापासून ऐकतेय, लेखकांनी बाबांचं एकदा तरी ऐकायला हवं होतं. मी ऐकणार."

इथे पोरीची चूक झाली. अशी चूक त्याच घरात वाढलेल्या पोरीच्या हातून व्हावी, हे नवलच. तिनं सगळं ऐकलं.

शुक्रवारी सकाळी मी आरसा न्यायला गेलो. आरसा बोटभर आखूड निघाला होता. भावोजींचं म्हणणं, माझी भिंत वाढली असेल. आम्ही भिंतीच्या वाढीवर बोलत होतो, तेवढ्यात भाची आली. डोळे तांबारलेले, हातात नवं लिखाण, काखेत वही आणि जुने कागद.

भावोजी हात चोळत वाचायला बसले. पहिल्या पानावर तडिताक्ष बँकेच्या दारावरची घंटा वाजवतो. आतून कोणी येईपर्यंत थांबतो. "वा!" भावोजी म्हणाले. दुसऱ्या पानावर महाधूम्र येतो, काही बोलत नाही आणि जातो. "हं." मग तडिताक्ष डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. बाहेर रांग असते. तो रांगेत बसतो. पुढच्या पानावरही तो रांगेतच असतो. डॉक्टर थेंब घालतात, अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगतात, आणि तो बसतो. भावोजींनी जांभई दाबली. दोन पानं एकदम उलटली. उठून पाणी पिऊन आले. नदीच्या काठावर तडिताक्षानं पोहता येणाऱ्या माणसांना बोलावून घेतलं होतं. एका खिडकीची काच फुटली होती, पण ती वाऱ्यानं, आणि एक काचवाला येऊन शांतपणे माप घेत होता.

भावोजींनी कागद टेबलावर टाकले.

"हे काय आहे? हा सुपरहिरो आहे की पोस्टातला कारकून? आणि महाधूम्र बेतच सांगत नाही, तर मला कळणार कसा? हा कुठला लेखक सापडला तुमच्या कचेरीला? खोडरबर बरा म्हणायचा!"

"तुम्ही, बाबा."

"मी काय?"

"हा लेखक तुम्ही आहात." भाचीनं वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "घंटा तुमची. गप्प बसणारा महाधूम्र तुमचा. डॉक्टर तुमचा. एक शब्द माझा नाही. आठवडाभर झोपले नाही मी! जन्मभर सगळ्यांना नावं ठेवलीत, जुळ्या काय, स्वप्न्या काय, आता मला काय म्हणणार? आज दुपारी द्यायचंय मला! हे देऊ, की ते देऊ, की सरळ सांगू, बंद करा तुमचा तडिताक्ष?"

भावोजी रागानं लाल झाले. पण राग काढायचा कोणावर? आयुष्यात पहिल्यांदाच नालायक लेखक हाताशी सापडला होता आणि तो ते स्वतःच होते. "मी सुधार म्हटलं, मार म्हटलं नव्हतं," असं काहीतरी ते पुटपुटले. भाचीनं वही फेकली. ती काचेवर पडणार म्हणून मी धावलो, ताई आतून धावली, आणि नेमका तेव्हाच बेकरीवाला दारात उभा राहिला. याच्या दर्शनी कपाटाची काच भावोजींकडे कापायला टाकलेली होती.

"तयार नाही अजून!" भावोजी त्याच्यावर खेकसले.

"काच राहू द्या हो," बेकरीवाला म्हणाला. "त्या आंधळ्याचं पुढे काय झालं ते सांगा. परवा ऐन होडीपाशी आणून सोडलंत मला. बायको रोज विचारतेय, मेला का वाचला म्हणून."

भाचीनं डोळे पुसले. "कोण आंधळा?"

"अहो तो वीजवाला! हे काच कापता कापता सांगत होते, काय मूर्खपणा लिहितात बघा म्हणून. मी पाव भट्टीत विसरलो."

ताई म्हणाली, "दूधवाल्यालाही सांगितलीय. जिन्यात गाठून."

भावोजी भिंतीकडच्या काचांत काहीतरी शोधू लागले. पण बेकरीवाला हलेना. "सांगा ना, झेप घेतो म्हणालात, मग?"

"मग काय, घेतो!" भावोजी वैतागून म्हणाले. "पोहता येत नाही गाढवाला, डोळ्यांनी दिसत नाही, तरी घेतो! कारण एक बाई हाक मारतेय आणि एक म्हातारा हाक मारतोय. आणि महाधूम्र हसतो, हसतो आणि म्हणतो, कुठे बघतोयस तडिताक्षा, मी तर तुझ्या मागे आहे! बोलला आणि फसला. याला दिसत नाही, पण ऐकू तर येतं! फिरला, आणि सोडली वीज..." इथे त्यांनी दोन्ही हात असे काही फेकले की बेकरीवाला दोन पावलं मागे सरकला. आवाजही तोंडानं काढला, विजेचाही आणि पाण्याचाही.

सांगून संपलं तेव्हा त्यांना दम लागला होता. टेबलापाशी वळून पाहिलं तर भाची नव्हती. तिचे पहिले, लाल पेन्सिलीच्या खुणांचे कागदही नव्हते. ताई म्हणाली, ती होडीपाशीच उठून गेली.

"सांगून तरी जायचं! वहीतलं निदान एखादं तरी घ्यायचं..." भावोजी दारापर्यंत धावले. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एकही काच धड कापली नाही. संध्याकाळी फोन आला, संपादकबाईंना अंक आवडला, मालिका तिची. भावोजी ताईला म्हणाले, "त्या बाईंना तरी काय कळतंय," आणि जेवायला बसून दोनदा भात मागितला.

अंक आला त्या सकाळी ते कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे गेले. मला बरोबर नेलं, कशाला ते सांगितलं नाही. स्टॉलपाशी एक टायवाले गृहस्थ तोच अंक चाळत उभे होते आणि पेपरवाल्याला सुनावत होते.

"कोण ही नवी लेखिका? काही विचार करून लिहितात की नाही हे लोक? महाधूम्र पाण्याखाली जातो म्हणे. धूर कधी पाण्याखाली जातो का? बुडबुडे होतील त्याचे!"

मी भावोजींकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. इतका बिनतोड, की आपल्याला तो सुचला नाही याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. लग्नाआधीपासून ते असाच माणूस शोधत होते, ज्याच्याशी उभ्या उभ्या तासभर बोलता येईल. ओठ हलले. घसा खाकरला.

"का नाही जाणार?" ते ओरडले. "धूर साधा आहे का तो? त्याला जायचं असेल तर जाईल! तुम्हाला विचारून जायचं का त्यानं?"

"पण शास्त्र काही...?"

"शास्त्र हवं तर पाठ्यपुस्तक वाचा! कॉमिक्सला कशाला हात लावता?"

टायवाले अंक टाकून निघून गेले. भावोजींनी सहा अंक घेतले आणि धुमसत घरी आले. भाची कचेरीला निघाली होती, चपला घालत होती.

"पाण्याखाली धूर! भर रस्त्यात माझी शोभा केलीस. पुढच्या अंकात त्याचं कारण दे."

"कोणी विचारलं का?"

"विचारतात लोक! मी एकटा किती ठिकाणी पुरा पडणार?"