बाल्कनीतला काकवीचा पूर

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर पुण्यातल्या शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर अमेरिकेचा वाचायला घेतला. अमेरिकेत ते कधी गेले नाहीत आणि जायची इच्छाही नाही. मग अमेरिकाच का, असं विचारलं की म्हणतात, "मराठ्यांच्या इतिहासात एक शब्द इकडचा तिकडे झाला की लोक घरी येऊन भांडतात. अमेरिकेच्या इतिहासावरून सदाशिव पेठेत कोणाच्या भावना दुखावत नाहीत." त्यातही राष्ट्राध्यक्ष, लढाया, राज्यघटना यांत त्यांना रस नाही. पाठ्यपुस्तकांनी दारातूनच परत पाठवलेला इतिहास त्यांना हवा असतो. अमेरिकेच्या लष्कराने वाळवंटासाठी उंट मागवले आणि त्यांना बघून खेचरंच बिथरली. लुइझियानाच्या नद्यांत पाणवनस्पती माजल्या, म्हणून आफ्रिकेतून पाणघोडे आणून सोडावेत आणि पुढे त्यांचं मटणही खावं, असं विधेयक तिथल्या संसदेत खरोखर मांडलं गेलं. केंटकीत एका शेतावर भर दिवसा आभाळातून मांसाचे तुकडे पडले, आणि दोघा-तिघांनी ते चाखूनही बघितले.

हे सगळं ते आम्हाला जेवताना ऐकवायचे. आम्ही दोघं नवरा-बायको फ्रँकफर्टमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतो, संध्याकाळी जेवायला बसतो तेव्हा डोक्यात काही शिल्लक नसतं. नवरा फोनवरून बोट फिरवत म्हणायचा, "हो बाबा." मी पोळी वाढत म्हणायचे, "हो का बाबा, कमालच आहे." वडीलधाऱ्या माणसाशी वागायची हीच रीत आहे अशी आमची समजूत होती.

सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकल्यावर आम्हीच हट्टाने बाबांना इकडे आणलं. व्हिसा तीन महिन्यांचा होता. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी जेवताजेवता ताट बाजूला सारलं आणि मुलाला म्हणाले, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

पुण्यातलं घर बंद. तिथे गेल्यावर डबा लावणार, टीव्ही लावणार आणि गप्प बसणार हे आम्हाला दिसत होतं. सासूबाई गेल्यावर ते तिथे तसेच बसले होते. इथेही ताटातलं अर्धं अन्न टाकून उठायचे. नवऱ्याने कसंबसं गणपतीपर्यंत थांबायला कबूल करून घेतलं आणि विसर्जनानंतरचं तिकीट काढलं. मला ते तिकीट डोळ्यांसमोर नको वाटायचं. काहीतरी करून त्यांना गुंतवायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, "बाबा, यंदा देखावा तुम्ही करा. मंडळाची स्पर्धापण आहे."

इथल्या महाराष्ट्र मंडळाची घरगुती आरास स्पर्धा असते. लोक फुलं लावतात, थर्मोकोलचे खांब उभे करतात, फोटो पाठवतात. पण बाबा पुण्याचे. देखावा म्हणजे हलता आणि ऐतिहासिक, त्याखालचं त्यांच्या हिशेबी काहीच नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी जाहीर केलं, "बॉस्टनचा काकवीचा पूर."

एकोणीसशे एकोणीसच्या जानेवारीत बॉस्टन शहरात काकवीची एक अवाढव्य टाकी फुटली होती. दोन मजली उंच लाट रस्त्यावरून आली, घरं पडली, घोडे अडकले, माणसं गेली. मी म्हटलं, "अहो बाबा, गणपतीपुढे माणसं मेलेली कशी दाखवायची?"

"माणसं नाही दाखवायची. काकवी दाखवायची. गणपतीला गूळ आवडतो की नाही?"

नवरा म्हणाला, "हो बाबा, मस्त."

टाकीसाठी त्यांनी भारतीय दुकानातला तेलाचा पत्र्याचा मोठा डबा घेतला. शहर खोक्यांचं केलं. काकवीच्या जागी चहाचं पाणी वापरा म्हटलं तर मला म्हणाले, "मग लोकांना चहाचा पूर वाटेल." सुपरमार्केटात बीटाची काकवी मिळते, जर्मन लोक ती सकाळी पावाला लावून खातात. बाबांनी आमच्या भागातल्या सगळ्या दुकानांतून ती उचलली. दिवाणखान्यातल्या भाड्याच्या लाकडी जमिनीवर हा प्रकार चालणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. म्हणून तालीम बाल्कनीत ठरली.

डबा तळाशी शिवणीत थोडा गळत होता. हे मी बघितलं आणि सांगितलंही. बाबांनी तो बाहेरून तपकिरी रंगवला. मूळची टाकीसुद्धा गळत होती, आणि गळती दिसू नये म्हणून मालकांनी तिला तपकिरी रंग दिला होता, अशी माहिती त्यांनीच मला वर दिली. मी म्हटलं, "बाबा, पण पुढे त्या टाकीचं काय झालं?" ते म्हणाले, "तेच तर दाखवायचंय."

रविवारी दुपारी तालीम झाली. ऑगस्टचं ऊन चांगलंच तापलं होतं आणि काकवी पातळ व्हावी म्हणून डबा सकाळपासून उन्हात ठेवला होता. योजना अशी होती की नवऱ्याने दोरी ओढली की झडप उघडेल आणि काकवी शहरातून संथपणे वाहत एका परातीत जमा होईल. नवरा एका हाताने फोन बघत होता, दुसऱ्या हाताने त्याने दोरी ओढली. झडप उघडली नाही, शिवण उघडली. सगळी काकवी एकदम बाहेर आली, बॉस्टन शहर घेऊन परातीवरून गेली आणि कठड्याखालच्या फटीतून खालच्या, दुसऱ्या मजल्याच्या दिशेने निघाली. आम्ही तिघं तिच्याकडे नुसते बघत राहिलो. मग बाबा अगदी हळू म्हणाले, "अगदी असंच झालं असणार."

खालच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. शाळेत केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या आहेत. इमारतीतल्या कोणाचं पुठ्ठ्याचं खोकं चुकीच्या कचरापेटीत पडलं तरी त्या ते उचलून ज्याचं त्याच्या दाराशी आणून ठेवतात. त्या दुपारी त्यांच्या बाल्कनीत पांढऱ्या चादरी वाळत होत्या. मी खाली वाकून बघितलं आणि आता तक्रार होऊन भाड्याचं घर गेलं, असं मला वाटलं. हे घर मिळवायला आम्हाला वर्ष लागलं होतं.

बाई वर आल्या तोवर गांधीलमाश्याही आल्या होत्या. साऱ्या फ्रँकफर्टला निरोप गेला असावा. नवऱ्याने चप्पल उचलली, तर बाई दारातूनच ओरडल्या, "नाइन!" गांधीलमाशी विनाकारण मारणं इथे कायद्याने गुन्हा आहे, दंड होतो. तेव्हा आम्ही कोणीच काही मारलं नाही, बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि काचेतून माश्या बॉस्टनवर बसताना बघत उभे राहिलो. बाईंच्या हातात चादरीचं टोक होतं. बाबा लुंगी आणि बनियनवर होते, कोपरापर्यंत काकवी. मी माझ्या सगळ्यात नम्र जर्मनमध्ये माफी मागायला तोंड उघडलं.

बाईंनी मला थांबवलं आणि विचारलं, "बरं, हे काय आहे?"

मी सांगितलं. माझे सासरे इतिहासाचे शिक्षक आहेत, आमचा सण आहे, अमेरिकेत काकवीचा पूर आला होता त्याचा देखावा आहे. बोलताना मलाच लाज वाटत होती.

बाईंनी बाबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "क्वाच." म्हणजे निव्वळ थापा.

"काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा, चालेल म्हणाल्या."

"खोटं सांगू नकोस. तोंडावरून कळतं मला. त्यांचा विश्वास नाही ना?"

मग मला भाषांतर करावंच लागलं. बाई म्हणत होत्या की असं काही झालं असणं अशक्य आहे. काकवी दाट असते, ती लाटेसारखी धावत नाही, आणि जानेवारीत तर मुळीच नाही. माणूस तिच्यापुढून सावकाश चालत निघून जाईल. बाबा म्हणाले, त्यांना सांग, टाकी पाच मजली होती आणि वजन किती असेल याचा विचार करा. बाई म्हणाल्या, वजनाने दाटपणा बदलत नाही. बाबा म्हणाले, आधी जोरात आली आणि मग थंडीने घट्ट झाली, म्हणूनच माणसं सुटली नाहीत. बाईंनी चादर खुर्चीवर टाकली आणि कागद मागितला. त्यावर त्यांनी एक सूत्र लिहिलं. बाबांना सूत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी त्याच कागदावर बॉस्टनच्या रस्त्याचा उतार काढला. दोघांचं इंग्रजी आपापल्या शाळेतलं होतं आणि आवाज चढला की तेही सुटायचं. एकाचं मराठी आणि एकीचं जर्मन यांच्यामध्ये मी उभी. घाम पुसत मी मध्येच म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना, त्यांचंही बरोबर आहे."

"त्यांचं साफ चूक आहे!" बाबा माझ्यावरच कडाडले. "तू फक्त भाषांतर कर."

बाई चादर तिथेच विसरून तरातरा खाली गेल्या. अर्ध्या तासाने टॅब्लेट घेऊन परत आल्या. पूर आला होता, हे त्यांनी मान्य केलं. पण लाटेच्या वेगाबद्दल त्यांना अजून शंका होती, आणि ती राहील, असंही त्यांनी सांगितलं. बाबांनी लगेच दुसरी गोष्ट काढली. आयडाहोत सरकारने बीव्हर नावाचे प्राणी खोक्यात घालून पॅराशूटने डोंगरात सोडले होते. बाई म्हणाल्या, "बेवाइझ?" म्हणजे पुरावा? हा शब्द मात्र बाबांना भाषांतराशिवाय कळला.

संध्याकाळी नवरा बाल्कनी गरम पाण्याने घासत होता. बाबा जेवायला बसले आणि त्यांनी तिसऱ्यांदा आमटी मागितली. मी वाढली. ते आपणहूनच बोलायला लागले.

"तुझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षांत माझी एक गोष्ट खरी मानली नाही. उंटांवरून आमचं आठ दिवस भांडण चाललं होतं. मी पुस्तक आणून दाखवलं, तर म्हणाली, पुस्तकवाल्याला काय, तुमच्यासारखाच असेल कोणीतरी." ते हसले आणि मग हसू गेलं. "तुम्ही दोघं फार चांगले आहात गं. काहीही सांगितलं तरी हो म्हणता. हो म्हणणाऱ्या माणसाला गोष्ट सांगून झाली की पुढे काय करायचं?"

मला रडू आलं. आम्ही एवढे आठवडे त्यांचा मान ठेवत होतो आणि ते आमच्यासमोरच एकटे बसलेले होते. मी आमटीचं पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला.

गणपती बसले. आरास अखेर झेंडूच्या फुलांची झाली आणि स्पर्धेत आम्हाला काही मिळालं नाही. बाई आरतीला आल्या, धुतलेल्या चादरीचा विषय त्यांनी काढला नाही. मूर्तीकडे बराच वेळ बघून त्यांनी बाबांना काही विचारलं. मी भाषांतर करायच्या आधीच बाबा इंग्रजीत म्हणाले, "इथे पुरावा मागायचा नाही." बाई म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि त्यांनी दुसरा मोदक घेतला.

पण तिकीट तसंच होतं. विसर्जन झालं, बॅग हॉलमध्ये येऊन उभी राहिली. बाई बहिणीकडे कार्ल्सरूहेला गेल्या होत्या, तेव्हा वाद घालायलाही कोणी नव्हतं. जाण्याच्या आदल्या सकाळी आम्ही तिघं चहा पीत होतो. बाबांनी सवयीने सुरुवात केली. अमेरिकेत पार्सलची टपाल सेवा नवीन सुरू झाली तेव्हा काही आईबापांनी आपली मुलंच टपालाने आजीआजोबांकडे पाठवली. कोटाला तिकिटं लावली आणि पोस्टमनच्या हवाली केली. आगगाडीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडायचं.

"हो बाबा," नवरा म्हणाला.

ही गोष्ट खरी आहे हे मला ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी त्यांनीच सांगितली होती आणि मी ती ऑफिसात बसून वाचूनही काढली होती. मी कप खाली ठेवला. सासऱ्यांशी मी आजवर असं कधी बोलले नव्हते.

"काहीतरीच काय सांगता बाबा! पोराला कोणी तिकीट लावून पाठवतं का? मी नाही मानणार."

बाबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. नवऱ्याने फोनवरून मान वर केली.

"नाही मानणार?"

"अजिबात नाही. आणि पाठवलीच असतील, तर पोस्टमनने घेतली कशी?"

बाबा खुर्चीत सरळ बसले. बाह्या वर केल्या. मग माझ्यावरची नजर न काढता मुलाला म्हणाले, "तिकीट पुढचं कर रे. हिला पटवायला वेळ लागणार आहे."