बुडखा खाली, शेंडा वर

ट्रॉलीचं चॅनल आवळत म्या वट्ट्याखाली आडवा पडलो होतो. आर्धा आत, आर्धा भाईर. तेवढ्यात काकू म्हणल्या, "मिस्त्री, ऱ्हाऊ द्या ती ट्रॉली. उद्या सोनालीचा भाऊ येतोय तिला न्यायला. वापरणारीच न्हाय तर ट्रॉली कुणासाठी करता?"

म्या दचकून डोकं वर केलं ते कडाप्प्याला हाणलं. कडाप्प्याला काय झालं न्हाय. माझ्या डोक्यालाबी न्हाय. दोन्ही दगडंच.

हे बेंबळीचं घर. काकू, त्यांचे मालक तात्या, पोरगा सुरेश आन् त्याची बायकू सोनाली. ती जळकोटची. घर नवं बांधलं तवा दाराच्या चौकटी म्याच केल्या होत्या. आता आतलं काम चालू होतं. भिंतीतलं कपाट, देवघर आन् ट्रॉली. ट्रॉली म्हंजे वट्ट्याखालचा भांड्याचा सरकता खण. म्या साळा शिकलो न्हाय. मास्तरनी बाकावर बसवलं, म्या बाकाचा खिळा काढला, तितंच शिक्षण संपलं. पण ट्रॉली बसवतो. बऱ्याच सरकत्यातबी.

सोनाली लई गप पोरगी. कपाटाचं माप घेतलं तवा म्या तिला म्हणलं, "पोरी, हात वर कर बरं, कुठपतूर पुरतोय बघू." ती हसली. म्हणली, "मामा, या घरात मला पैल्यांदाच कुणीतरी इचारलं." म्या बी हसलो. म्हणलं, "मला तर माझ्या घरात आजून कुणी इचारत न्हाय."

झालं असं होतं. सोनाली लगीन करून आली आन् घराला दळभद्र लागलं, असं काकूंचं म्हणणं. आदी म्हस मेली. मग बोअर आटली. आन् आता तात्या बाथरूममदी घसरून पडले, खुबा मोडला. तात्या खाटंवर पडून वर पत्र्याकडं बघत ऱ्हायचे. काकू दिसभर एकच बोलायच्या, "ही आल्यापास्नं. हिचा पायच वाईट." सुरेश मोबाईलमदी तोंड घालून बसायचा. सोनाली कप इसळायची.

तवा माझ्या दगडात एक इचार आला. आमच्या धंद्यात एक रीत हाय. झाड जसं उभं असतंय तसंच चौकटीचं लाकूड उभं करायचं. बुडखा खाली, शेंडा वर. बुडखा म्हंजे झाडाच्या मुळाकडची बाजू. उलटं बसवलं तर घराला लाभत न्हाय, असं समदे म्हणत्यात. रंदा मारल्यावर समदं लाकूड एकसारखंच दिसतंय, म्हणून गिऱ्हाईक मिस्त्रीवरच भरोसा टाकतंय. आन् या घराची मोठी चौकट उभी ऱ्हायली त्याच महिन्यात सोनालीचं लगीन झालतं. म्हंजे चौकट आन् सून घरात संगटच आल्या. दोष सुनंचा हुतो तर चौकटीचा का हू नये?

चौकट सुलटीच होती. म्या सोता बसवलती. पण म्या वट्ट्याखालनं भाईर आलो, कान धरलं आन् म्हणलं, "काकू, पोरीला काय बोलू नगा. चूक माझी हाय. मोठ्या दाराची चौकट म्या उलटी बसवली."

काकूंनी हातातलं ताट वट्ट्यावर ठिवलं. "काय म्हणता?"

"बुडखा वर गेलाय. त्या दिशी घाई होती. मुहूर्त टळत होता. पोरीनं काय केलं न्हाय, ह्यो गाढवपणा माझा हाय."

माझं बोलणं लोकांना पटतंय, याचं कारण म्या कायम सोताचीच टिंगल करतो. म्या गाढव हाय म्हणलं की कुणीबी लगीच मान हलवतंय. काकूंनीबी हलवली. मग सुरू झाल्या. "आरं मुडद्या, माझ्या घराचं वाटुळं केलंस! तात्याचा खुबा तुझ्या उरावर हाय!" तात्यांनी खाटंवरनं नुसतं "अगागा" केलं. म्या मान खाली घातली. आतनं लई बरं वाटत होतं. सोनालीच्या भावाला फोन गेला, आता येऊ नगंस म्हणून.

म्या म्हणलं, "काकू, म्या काढतो आन् सुलटी करून देतो. फुकट."

"तुजा हात आता माझ्या दाराला लागायचा न्हाय."

तितं माझा डाव मोडला, पण तवा कळलं न्हाय. काकूंनी धाराशिवचा दुसरा मिस्त्री बोलावला. तरणा पोरगा, मशिनी संगट. म्या बी गेलो बघायला. त्यानं प्लास्टर फोडलं, चौकट भितीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, होल्डफास्ट, कापल्या, चौकट भाईर वढली आन् अंगणात आडवी टाकली. मागचं अंग वर आलं. त्याच्यावर डांबर होतं. आन् डांबराखाली पटाशीनं कोरलेला बाण. ह्येवढा लांब.

माझ्या बापाची सवय. उलटसुलट हू नये म्हणून लाकूड रंदायच्या आदीच मागच्या अंगाला बाण कोरायचा, शेंड्याकडं तोंड करून. माझा हात आपूआप कोरतोय. इसरूनच गेलतो.

त्यो मिस्त्री म्हणला, "काकू, बाणाचं तोंड चौकटीच्या माथ्याकडंच हाय की. ही तर सुलटीच हाय."

म्या घाईनं म्हणलं, "बाणबी उलटाच कोरला आसंल म्या. माझं काय खरं असतंय व्हय?"

दारात जमलेली माणसं हसली. त्यो मिस्त्री हसला न्हाय. त्यानं लाकडावर पाणी टाकलं, गाठी बघितल्या, फांदी कुठल्या अंगाला गेलती ते दावलं. "न्हाय काकू. मिस्त्रीनं काम चोख केलंय."

उभ्या जल्मात कुणी मला चोख म्हणलं न्हवतं. म्हणलं ते आसं.

काकूंनी एकदा बाणाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग आत वळल्या. "आता कळलं. हिनंच शिकवलंय. च्या पाजूपाजू मिस्त्री फितवला. पाय तर वाईटच, वर बुद्धीबी वाईट!"

सोनाली म्हणली, "आत्या, शप्पथ, मला काय बी म्हाईत न्हाय." तिची शप्पथ कोण ऐकतंय. म्या सुरेशचा दंड धरला. म्हणलं, "आरं बाबा, तिनं काय सांगितलं न्हाय. ह्यो माझाच येडेपणा."

"मिस्त्री, तुमी आता जावा," सुरेश म्हणला. "तुमचं कुठलं खरं धरायचं?"

सोनालीच्या भावाला परत फोन गेला आन् त्यो दुसऱ्या दिशीच आला. म्या हत्यारं न्यायच्या निमतानं गेलतो. मोठ्या दाराला नुसतं भगदाड होतं, तितनं सोनाली पिशवी घिऊन भाईर आली. माझ्यापशी थांबली. सवयीनं कायतरी इनोदी बोलावं म्हणून म्या तोंड उघडलं. तिनं हातानंच थांबवलं.

ती म्हणली, "मामा, मी चार दिसच जाणार होते. ह्यांनी कबूल केलतं, आत्याचा राग उतरला की आणतो म्हणून. आता ह्येबी बोलत न्हायती."

ती गेली. चौकट त्या मिस्त्रीनं परत बसवली. जशी होती तशीच. सोनाली आजून जळकोटलाच हाय. बेंबळीत मला कुणी काम देत न्हाय, त्याचं काय वाटत न्हाय. तिथनं फटफटीवर जाताना मातर म्या त्या घराकडं बघत न्हाय.

लबाडी पकडली गेली, ह्ये म्होरचं. चूक त्याच्या आदीच झाली. कुणाचातरी दोष असलाच पायजे, ह्ये म्या बी कबूल करून टाकलं. म्या म्हणायला पायजे होतं, "काकू, म्हस म्हातारी होती. बोअर समद्या गावाची आटलीय. आन् बाथरूमची फरशी गुळगुळीत हाय, वल्ली झाली की पाय ठरत न्हाय." पण तसं बोलायला धीर लागतोय. सोताला गाढव म्हणायला लागत न्हाय.

फरशी आजून तीच हाय.