लिलावात घेतलेलं अर्धं घर

तेव्हा आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याजवळ भाड्याने राहत होतो. स्वयंपाकघर एकच, ते घरमालकिणीचं. तिचं आटोपलं की मग माझ्या बायकोची पाळी. मी बहुतेक वेळा गूळपोहे खाऊनच कोर्टात जाई. बायको कुरकुरत नसे, पण एकदा तिने सांगून टाकलं, "दागिना नको, लुगडं नको. माझी स्वतःची चूल तेवढी हवी." ते मला लागलं.

कोर्टात मी नकला करणारा कारकून. लिलावाच्या जाहिराती माझ्याच हातून जात, म्हणून त्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत. कल्याणच्या एका गहाण पडलेल्या घराची जाहिरात आली. आळी आमच्याच जातवाल्यांची, मागे विहीर. लोक म्हणाले, लिलावाचं घर लाभत नाही, आधीच्या मालकाचा तळतळाट लागतो. मी म्हटलं, म्हणूनच तर स्वस्त मिळतं.

लिलावाला गर्दी होती, पण माझ्या बोलीवर कोणी बोली चढवेना. सगळे शांतपणे पान चघळत होते. एकाने तर सरकून मला बसायला जागा दिली. माझा दरारा पाहून मीच खूष झालो आणि पेढे घेऊन घरी आलो.

पुढे ताबा घ्यायला बायको आणि दोन ट्रंका घेऊन कल्याणला गेलो. बेलिफाने दारात ढोल वाजवायला लावला, दाराला कागद डकवला आणि तो निघाला.

"किल्ली?" मी विचारलं.

"किल्ली कसली? घर दोघा भावांचं, न वाटलेलं. कर्ज धाकट्याचं. त्याचा हक्क तेवढा विकला. अर्धं तुमचं."

"कुठलं अर्धं?"

"ते वाटणीच्या दाव्यात ठरेल," म्हणून तो गेला.

'ऋणकोचा जो काही हक्क व हितसंबंध असेल तो' हे शब्द मी वळणदार अक्षरात शेकडो वेळा लिहिले होते. वाचले एकदाही नव्हते. अख्ख्या कल्याणला जे ठाऊक होतं ते ठाण्याच्या या पढतमूर्खाला ठाऊक नव्हतं.

ओटीवर थोरला भाऊ सुपारी कातरत बसला होता. बायको पाणी प्यायला आत गेली. "दावा कधी लावताय?" त्याने विचारलं. "दावा लागला की घर विकून पैसे वाटा म्हणतील. धाकटा बायकोमुलं घेऊन सासुरवाडीला गेला. आम्ही कुठे जायचं, तेवढं सांगा."

माझी सगळी शिल्लक त्या घरात गेली होती, आणि समोरच्या माणसाचं तर घरच जायचं होतं. तेवढ्यात त्याचा हात थांबला. घराच्या पलीकडच्या टोकाला कौलांतून धूर निघत होता. "धाकट्याची चूल तर बंद आहे," तो म्हणाला आणि उठला. मीही मागोमाग धावलो.

आत माझी बायको तांदूळ धूत होती. थोरल्याच्या बायकोने आपल्या चुलीतला विस्तव आणून त्या थंड चुलीत घातला होता आणि ती फुंकणीने फुंकत होती.

"अगं, हे काय?" थोरला म्हणाला.

"वाटणी," ती मान न वळवता म्हणाली. "ती माझी चूल, ही हिची. विहीर दोघींची. तुम्ही दोघे कोर्टात जाणार असाल तर आधी जेवून जा."

माझ्या बायकोने मान खाली घातली होती, पण ती हसत होती. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. दाव्याचं नाव मी तिथेच टाकलं.

जेवायला बसताना थोरल्याने माझ्यासाठी एक पाट ओढला. "हा धाकट्याचा," तो म्हणाला. मी बसलो खरा, पण भात तसाच ठेवला. ज्याचं घर घेतलं त्याच्याच पाटावर बसून जेवायचं, याची मला मनापासून लाज वाटली. मान वर करायचा धीर होईना.

थोरल्याने माझ्या भातावर तूप वाढलं.

"जेवा आता," तो म्हणाला. "तोही रुसला की असाच बसायचा."