उजेडाची कड

"हात काढ! आधी तो हात काढ तिथनं!"

साहेब ओरडत होते आणि हात माझ्या आयेचा होता.

किहीमच्या कॉटेजची हिरवळ, एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला डोंगर. सूर्य नुकताच दर्यात बुडालेला. मुंबईचे वीसेक पाहुणे रांगेत, पुढं तिपाईवर दुर्बीण. वाकताना तोल जाऊ नये म्हणून आयेनं नळीला धरलं. एवढंच. रांगेतली एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आता आम्ही सगळ्यांनी त्या वासात डोळा लावायचा का?"

आयेनं हात पदरात गुंडाळला. चोरी सापडल्यासारखा. घरून निघताना तीनदा साबणानं धुतला होता तिनं. पण चाळीस वर्षं बोंबील सुकवलेला हात तो. साबण हरतो.

मी कुठं होतो? शेजारीच. दोन हातांवर.

मी म्हणजे तिथला वाढपी, माळी आणि पगारी थापाड्या. साहेब मुंबईतले निवृत्त इंजिनिअर, दर शनिवारी पाहुण्यांना आकाश दाखवायचे. रांग लागेपर्यंत लोकांना रमवायचं काम माझं. दुर्बिणीचा इतिहास साहेबांनी शिकवला, मीठमसाला मी घातला. हॉलंडातल्या एका चष्मेवाल्यानं नळीत दोन भिंगं बसवली, लांबची गलबतं जवळ दिसावीत म्हणून. मी सांगायचो, त्याला पहिलं दिसलं ते माझ्या खापरपणज्याचं गलबत, आणि खापरपणज्यानं इकडनं हात हलवला. मग इटलीतल्या एका मास्तरनं तसली नळी वर आकाशात फिरवली. चंद्रावर डोंगर दिसले. गुरूभोवती चार चंद्र फिरताना दिसले. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं असं मानणारे काही पंडित म्हणाले, आम्ही त्या नळीला डोळाच लावणार नाही. पुढं इंग्लंडातला एक बाजेवाला. दुर्बिणीचे आरसे स्वतः घासायचा, तासन् तास. मधेच आरशावरनं हात उचलता येईना म्हणून बहीण घास भरवायची. त्यानं नवा ग्रह शोधला. मी सांगायचो, ती भरवायची ते बोंबलाचं कालवण होतं. पाहुणे हसून लोळायचे. त्या बाजेवाल्याच्या हातांना दर शनिवारी टाळ्या पडायच्या.

घरीही मी काय कमी फेकायचो? आयेला सांगायचो, चंद्रावरच्या सशाच्या मिशा दिसतात. ती एकदा म्हणाली, मना पन दाखव. त्या दिवशी अष्टमी होती, पाण्याला भांग. भरतीला जोर नाही, जाळ्यात मासळी नाही, म्हणून तिला सवड. लग्नाकार्यातलं लुगडं नेसून आली.

साहेबांनी मग सांगितलं, मावशी, बघा, पण हात न लावता. दोन्ही हात पदरात घेऊन आये वाकली. धरायला काहीच नव्हतं. मी खांदा दिला नाही. पाहुणे बघत होते ना.

तिनं डोळा लावला. काढला. वर आकाशात चंद्राकडं बघितलं. पुन्हा लावला. मग सरळ उभी राहून साहेबांना म्हणाली, "चंद्र उलटा हाय. सूर्य दर्यात बुडलाय, मंग उजेडाची कड डोंगराकडं कशी?"

पहिल्यांदा रुमालवाली हसली. मग सगळी रांग. आये माझ्याकडं बघायला लागली. दोन वर्षं या दुर्बिणीचा सगळा कारभार आपल्या खांद्यावर असल्यासारखा मी घरी बोलायचो. तिला वाटलं, हा सांगेल.

मी सांगितलं. म्हणालो, "आमची आये जन्मभर बोंबील उलटे टांगते, तिला चंद्रपण उलटाच दिसायचा!"

काय हशा पिकला! माझा आवाज सगळ्यांत मोठा. अलिबागच्या धक्क्यापर्यंत गेला असेल.

बोंबील कोणी उलटा टांगत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात, शेपट्या खाली. हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत. हजार थापा मारल्या असतील मी, लाजलो ती ही एकच.

आये एकटी घरी गेली. पाहुणे भजी खायला वळले. साहेबांनी मला फडकं दिलं. नळी नीट पूस म्हणाले, वास राहता कामा नये.

मी पुसली. माझ्या आयेचा हात पुसला.

मग पहिल्यांदा डोळा लावला. होय, पहिल्यांदा. दोन वर्षं गप्पा मारल्या, पण नोकरांनी दुर्बिणीला डोळा लावायचा नाही असा तिथला रिवाज, आणि मी तो पाळला. अर्धा चंद्र, त्यावरचे खड्डे. आणि उजेडाची कड? डोंगराकडं. मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. दर्याकडं.

साहेबांना विचारलं. ते भजी खात होते.

"उलटंच दिसतं रे. दोन्ही भिंगं फुगीर असली की प्रतिमा उलटी पडते. आकाशाला कसलं आलंय वर-खाली? सगळ्या खगोलवाल्यांना माहीत आहे."

"मग आये बोलली तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सगळे मजेत होते. मूड कशाला घालवायचा?"

त्यांचा राग आला. पण त्यांनी तोंड मिटलं होतं, मी उघडलं होतं. दोघांत हलकट कोण, हे कळायला दुर्बीण लागत नाही.

महिनाभर आयेपुढं मान वर केली नाही. पुढच्या अष्टमीच्या सुमाराचा शनिवार आला, तेव्हा रांगेपुढं उभा राहिलो. खापरपणज्या नाही, कालवण नाही. म्हणालो, "ही नळी चंद्र उलटा दाखवते. इथं हे न शिकता ओळखणारी एकच बाई आली, माझी आये. बोंबील सुकवते. तिला आम्ही हसलो. सगळ्यांत जास्त मी." कोणी हसलं नाही. साहेब कानाशी येऊन म्हणाले, नेहमीचं चालू कर. मी म्हटलं, नेहमीचं संपलं. यापुढं इथं गोष्ट सांगेन ती अशीच. माझ्या माणसांवर हसवून तुमची रांग रमवणार नाही. आणि आये परत आली तर नळीला हात लावून बघेल. चालत नसेल तर दुसरा थापाड्या शोधा.

तसाच घरी आलो. आये बांबूंच्या वलांडीवरचे बोंबील उतरवत होती. मी टोपली धरली आणि सगळं सांगितलं. नळी, भिंगं, साहेब, मी. शेवटी म्हटलं, "आये, तुझं बरोबर होतं."

तिनं हातातली जोडी सोडवून टोपलीत टाकली.

"मना ठाव हाय. तू हसलास तवा पन ठाव व्हतं."